लांब इंग्रजी शब्दांची फोड : घटक, आघात आणि अक्षरे

इंग्रजीतील लांबलचक शब्द समोर आला की त्याचे स्पेलिंग घोकून पाठ करायचे, ही मराठी माध्यमाच्या शाळांपासून स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांपर्यंत रुळलेली पद्धत आहे. पंधरा-वीस वर्णांचा शब्द अशा रीतीने पाठ होतोही; परंतु तो मोठ्याने उच्चारायची वेळ आली की जीभ अडखळते, आणि त्याच कुळातला दुसरा शब्द भेटला की आधीच्या घोकंपट्टीचा काहीच उपयोग होत नाही. याचे कारण असे की लांब शब्द ही वर्णांची नुसती रांग नसते, तर तो ठरावीक रीतीने रचलेला असतो आणि ती रचना उलगडता आली की शब्दाचा अर्थ, उच्चार आणि स्पेलिंग या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या आधाराने लक्षात राहतात.

ही उलगड करताना शब्दाकडे तीन अंगांनी पाहावे लागते. पहिले अंग घटकांचे : शब्दाच्या ज्या लहानात लहान भागाला स्वतःचा अर्थ किंवा व्याकरणातले काम असते त्याला घटक म्हणावे, मूळ, त्याच्या आधी लागणारा उपसर्ग आणि नंतर लागणारा प्रत्यय हे त्याचे प्रकार. दुसरे अंग आघाताचे : शब्दाच्या एका भागावर उच्चारात इतरांपेक्षा जास्त जोर पडतो, तो भाग अधिक ठळक आणि बहुधा अधिक लांब ऐकू येतो, त्या जोराला आघात म्हणतात. तिसरे अंग अक्षरांचे : एका स्वराभोवती गोळा होऊन एका दमात उच्चारला जाणारा ध्वनिसमूह म्हणजे अक्षर, ज्याला शिक्षक सिलॅबल म्हणतात. बोलीभाषेत ‘अक्षर’ हा शब्द लिहिलेल्या चिन्हासाठीही वापरला जातो, म्हणून या लेखात ए, बी, सी या रोमन चिन्हांना वर्ण म्हटले आहे आणि अक्षर हा शब्द केवळ उच्चारातील खंडासाठी राखून ठेवला आहे.

या तीन फोडींच्या सीमारेषा पुष्कळदा एकमेकींवर पडत नाहीत, हे सुरुवातीलाच ध्यानात घेतले पाहिजे. अर्थाच्या दृष्टीने शब्द जिथे तुटतो तिथे तो उच्चारात तुटेलच असे नाही, आणि या दोन्ही फोडी एकच आहेत असे समजल्यामुळेच बहुतेक गोंधळ होतो. म्हणून तिन्ही फोडी स्वतंत्रपणे आणि शक्यतो याच क्रमाने कराव्यात : आधी घटक, मग आघात आणि शेवटी अक्षरे.

घटकांची फोड

‘इंटरनॅशनलायझेशन’ हा वीस वर्णांचा शब्द पाहावा. तो इतका लांब आहे की संगणकक्षेत्रात त्याचा पहिला वर्ण आय, शेवटचा वर्ण एन आणि मधल्या वर्णांची संख्या १८ एवढेच ठेवून ‘आय-१८-एन’ असा संक्षेप रूढ झाला. या शब्दात ‘इंटर’ हा उपसर्ग, ‘नेशन’ हे मूळ, विशेषण घडवणारा ‘अल’, क्रियापद घडवणारा ‘आइझ’ आणि नाम घडवणारा ‘एशन’ असे पाच घटक आहेत. मराठीतील ‘आंतरराष्ट्रीयीकरण’ हा प्रतिशब्द त्याच्या शेजारी ठेवला तर दोन्ही भाषांची बांधणी किती समांतर आहे ते दिसते : आंतर, राष्ट्र, विशेषण करणारा ‘ईय’ आणि एखादी गोष्ट तशी करण्याची क्रिया दाखवणारे ‘करण’. लॅटिनमधील ‘इंटर’ आणि संस्कृतातील ‘अंतर्’ हे एकाच प्राचीन मुळातून निघालेले शब्द आहेत, तर ‘नेशन’ ज्या लॅटिन धातूपासून आला त्याचा अर्थ ‘जन्मणे’ असा असून संस्कृतातील ‘जन्’ हा धातू त्याचा सगोत्र आहे. मराठी वाचकाला तत्सम शब्दांची फोड करण्याची सवय शालेय व्याकरणामुळे असतेच. इंग्रजीतील ग्रीक-लॅटिन वळणाच्या शब्दांना तीच सवय लावायची आहे.

संधीच्या बाबतीतही ही सवय कामी येते. ‘उत्’ पुढे ‘लेख’ आला की ‘उल्लेख’ होतो आणि ‘चार’ आला की ‘उच्चार’ होतो, कारण उपसर्गातील शेवटचे व्यंजन पुढच्या व्यंजनासारखे होते. नकार दाखवणारा लॅटिन उपसर्ग ‘इन’ असाच वागतो : ‘लीगल’च्या आधी तो ‘इल’ होतो, ‘रेग्युलर’च्या आधी ‘इर’ आणि ‘पॉसिबल’च्या आधी ‘इम’. त्यामुळे ‘इल्लीगल’च्या स्पेलिंगमध्ये एल दोनदा आणि ‘इर्रेग्युलर’च्या स्पेलिंगमध्ये आर दोनदा का येतो, हे वेगळे पाठ करावे लागत नाही, एक वर्ण उपसर्गाचा असतो आणि दुसरा मुळाचा. ‘डिसअपॉइंट’मध्ये ‘डिस’ अधिक ‘अपॉइंट’ असल्याने एस एक आणि पी दोन, ‘डिससॅटिस्फाय’मध्ये ‘डिस’ अधिक ‘सॅटिस्फाय’ असल्याने एस दोन, ‘अननेसेसरी’मध्ये ‘अन’ अधिक ‘नेसेसरी’ असल्याने सुरुवातीला एन दोन. ‘गव्हर्नमेंट’ उच्चारताना मधला एन बहुतेकांच्या तोंडून गळतो आणि मग तो लिहितानाही गळतो. परंतु ‘गव्हर्न’ हे मूळ आणि ‘मेंट’ हा प्रत्यय वेगळा पाहिला की तो वर्ण विसरण्याचे कारणच उरत नाही. ‘एन्व्हायरन्मेंट’बाबतही हेच खरे आहे.

इंग्रजी स्पेलिंगवर उच्चाराशी फारकत घेतल्याचा ठपका नेहमी ठेवला जातो. पण अनेक ठिकाणी ते उच्चाराऐवजी घटकाशी प्रामाणिक राहिलेले असते. ‘इलेक्ट्रिक’, ‘इलेक्ट्रिसिटी’ आणि ‘इलेक्ट्रिशियन’ हे तीन शब्द मराठी घरात रोज बोलले जातात. त्यांतील सी हा वर्ण पहिल्या शब्दात ‘क’, दुसऱ्यात ‘स’ आणि तिसऱ्यात ‘श’ असा उच्चारला जातो, तरी लिहिताना तो बदलत नाही, म्हणून तिन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत हे डोळ्यांना लगेच कळते. ‘साइन’मधला न उच्चारला जाणारा जी ‘सिग्नल’ आणि ‘सिग्नेचर’ या शब्दांत स्पष्ट ऐकू येतो. एखादा मुका वर्ण त्रास देऊ लागला, तर त्याच कुळातील असा दुसरा शब्द शोधावा, ज्यात तो वर्ण बोलता झाला असेल.

घटक ओळखताना एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे : प्रत्येक परिचित वर्णसमूह घटक नसतो. ‘अंकल’मधला ‘अन’ नकारार्थी उपसर्ग नाही, आणि महामार्गावरून जाणाऱ्या इंधनाच्या टँकरवर लिहिलेल्या ‘इन्फ्लेमेबल’मधला ‘इन’ही नाही. तो ‘पेट घेणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाचा भाग आहे आणि त्या शब्दाचा अर्थ ‘सहज पेटणारे’ असा आहे. त्याला नकारार्थी समजणे जिवावर बेतू शकते, आणि म्हणूनच सुरक्षेच्या सूचनांत ‘फ्लेमेबल’ हे रूप पसंत केले जाऊ लागले. फोड बरोबर आहे की नाही याची कसोटी सोपी आहे : उपसर्ग किंवा प्रत्यय काढून टाकल्यावर उरलेल्या भागाला अर्थ आहे का, आणि तोच भाग त्याच अर्थाने दुसऱ्या शब्दांत आढळतो का, हे पाहावे.

आघाताची जागा

मराठीतही बोलताना एखाद्या अक्षरावर कमीअधिक जोर पडतो, परंतु त्या जोराची जागा बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही आणि बाकीची अक्षरेही आपला स्वर सोडत नाहीत. इंग्रजीत मात्र या दोन्ही गोष्टी घडतात. ‘रेकॉर्ड’ हा शब्द पहिल्या अक्षरावर आघात देऊन उच्चारला तर नाम होतो आणि ‘रि-कॉर्ड’ असा दुसऱ्या अक्षरावर आघात दिला तर क्रियापद होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या अक्षरावर आघात नसतो त्याचा स्वर बहुधा आखडतो आणि एका अस्पष्ट, ऱ्हस्व स्वरात विरून जातो. ध्वनिशास्त्रात त्याला श्वा म्हणतात आणि कोशांत तो उलट्या ई या चिन्हाने दाखवतात. मराठीतील ऱ्हस्व ‘अ’ त्याच्या बराच जवळचा असल्याने मराठी भाषकाला तो नव्याने शिकावा लागत नाही. मात्र तो कुठे वापरायचा हे आघाताची जागा कळल्याशिवाय ठरत नाही. ‘डेव्हलपमेंट’ हा शब्द मराठीत चारही अक्षरे सारख्याच वजनाने उच्चारला जातो, तर इंग्रजीत आघात दुसऱ्या अक्षरावर असल्यामुळे तो ‘डि-व्हे-लप्-मंट’ असा ऐकू येतो आणि शेवटच्या दोन अक्षरांचे स्वर दबतात.

आघाताची जागा शोधण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे शब्दाचा शेवट पाहणे, आणि म्हणूनच घटकांची फोड आधी करायची असते. प्रत्ययांचे तीन गट मनात ठेवले तर बहुसंख्य लांब शब्द त्यांत बसतात.

पहिला गट आघात आपल्याकडे ओढून घेणाऱ्या, पण स्वतःवर न घेणाऱ्या प्रत्ययांचा आहे. टी-आय-ओ-एन किंवा एस-आय-ओ-एन असा शेवट असला की आघात त्याच्या लगतच्या आधीच्या अक्षरावर पडतो : ‘एज्युकेशन’मध्ये ‘के’वर, ‘इन्फर्मेशन’मध्ये ‘मे’वर, ‘टेलिव्हिजन’ हा पहिल्या अक्षरावर आघात असणारा शब्द या नियमाचा ठळक अपवाद आहे. ‘इक’ हा प्रत्यय असला की आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो आणि ‘इटी’, ‘लॉजी’, ‘ग्राफी’, ‘इकल’ असे शेवट असले की शेवटून तिसऱ्या अक्षरावर. त्यामुळे एकाच मुळाला वेगवेगळे प्रत्यय लागत गेले की आघात पुढे पुढे सरकतो : ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अक्षरावर असतो, ‘फटॉग्रफी’मध्ये दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्रॅफिक’मध्ये तिसऱ्यावर, आणि प्रत्येक वेळी ज्या अक्षराला आघात मिळतो त्याचा स्वर खुलतो व ज्याचा जातो त्याचा बहुधा मावळतो. ‘नेशन’, ‘नॅशनल’, ‘नॅशनॅलिटी’ ही मालिका किंवा ‘इकॉनमी’ आणि ‘इकनॉमिक’ ही जोडी मोठ्याने म्हणून पाहिली तर हा नियम कानाला पटतो. ‘पॉलिटिक्स’, ‘अरेबिक’ आणि ‘कॅथलिक’ हे ‘इक’चे नेहमी भेटणारे अपवाद असून त्यांत आघात पहिल्या अक्षरावर राहतो.

दुसरा गट स्वतःच आघात घेणाऱ्या प्रत्ययांचा आहे. ‘इंजिनियर’, ‘व्हॉलंटियर’, ‘रेफ्यूजी’, ‘जॅपनीज’ या शब्दांत शेवटच्या अक्षरावर जोर येतो. ‘कमिटी’ हा शब्द दिसायला याच गटातला वाटला तरी त्याचा आघात ‘मि’वर असतो. तिसरा गट तटस्थ प्रत्ययांचा आहे : ‘नेस’, ‘मेंट’, ‘फुल’, ‘लेस’, ‘ली’ आणि ‘इंग’ हे प्रत्यय लागले तरी मूळ शब्दातील आघात जागचा हलत नाही, म्हणून ‘डिव्हेलप’मध्ये तो जिथे असतो तिथेच ‘डिव्हेलप्मंट’मध्येही असतो.

ओळखीचा प्रत्यय नसलेले, लॅटिन वळणाचे तीन किंवा अधिक अक्षरांचे नाम आले तर मराठी काव्याच्या अभ्यासकाला परिचित असलेला लघु-गुरूचा विचार उपयोगी पडतो. लॅटिन भाषेचा आघातनियम असा होता की शेवटून दुसरे अक्षर गुरू असेल, म्हणजे त्यात दीर्घ स्वर असेल किंवा त्याच्यापुढे जोडव्यंजन असेल, तर आघात त्यावर पडतो, आणि ते लघू असेल तर तो मागे सरून शेवटून तिसऱ्या अक्षरावर जातो. पहिल्या शतकातील रोमन वक्तृत्वशास्त्रज्ञ क्विंटिलियन याने हा नियम नोंदवला आहे. नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द साउंड पॅटर्न ऑफ इंग्लिश’ या ग्रंथात इंग्रजीतील अनेक शब्दांचा आघात याच तत्त्वाने उलगडतो असे दाखवले. ‘अजेंडा’त ‘जें’ आणि ‘डिप्लोमा’त ‘प्लो’ गुरू असल्यामुळे आघात त्यांवर येतो, तर ‘अमेरिका’त ‘रि’ आणि ‘कॅनडा’त ‘न’ लघू असल्यामुळे तो अनुक्रमे ‘मे’ आणि ‘कॅ’ यांवर जातो. येथे अक्षराचे वजन इंग्रजी उच्चारावरून मोजायचे असते, मराठी लेखनावरून नाही. ‘सिनेमा’तला ‘ने’ मराठीत गुरू असला तरी इंग्रजीत तो ऱ्हस्व उच्चारला जातो, म्हणूनच त्या शब्दाचा आघात ‘सि’वर आहे. ‘कॅलेंडर’ आणि ‘कॅरेक्टर’ यांसारखे शब्द हा नियम मोडतात. तेव्हा त्याला अंदाजाचे साधन मानावे आणि अंतिम निवाडा कोशावर सोडावा.

फार लांब शब्दांत एका मुख्य आघाताखेरीज एक-दोन दुय्यम आघातही असतात. ‘इंटरनॅशनलायझेशन’मध्ये मुख्य आघात नियमाप्रमाणे ‘झे’वर आहे, परंतु ‘इन्’ आणि ‘नॅ’ या अक्षरांवरही थोडा जोर राहतो, आणि त्या टेकूंमुळेच आठ अक्षरांचा शब्द एका श्वासात तोल न जाता उच्चारता येतो.

अक्षरांची फोड

अक्षरे मोजताना वर्ण मोजू नयेत, उच्चारातील स्वर मोजावेत. ‘स्ट्रेंग्थ्स’ या शब्दात नऊ वर्ण असून अक्षर एकच आहे आणि ‘एरिया’त चार वर्ण असून अक्षरे तीन आहेत. शब्दाच्या शेवटी येणारा मुका ई मोजायचा नसतो, दोन स्वरवर्ण मिळून एकच ध्वनी होत असेल तर तो एकदाच मोजायचा असतो, आणि ‘टेबल’सारख्या शब्दात ‘ल’ हे व्यंजनच स्वराची जागा घेऊन दुसरे अक्षर पूर्ण करते. मराठी लेखन आणि उच्चार यांतही अशी तफावत असतेच. ‘सरकार’ हा शब्द चार चिन्हांनी लिहिला जातो, पण बोलताना त्याची ‘सर्-कार्’ अशी दोनच अक्षरे होतात.

दोन स्वरांच्या मध्ये आलेले व्यंजन कोणत्या बाजूला द्यायचे, हा पुढचा प्रश्न. साधारणतः एकटे व्यंजन पुढच्या अक्षराला जाते. दोन असतील आणि त्या जोडीने इंग्रजी शब्द सुरू होऊ शकत नसेल, तर एक मागे आणि एक पुढे जाते. मात्र आघात असलेल्या ऱ्हस्व स्वराच्या पुढचे व्यंजन त्या स्वराला चिकटलेले ऐकू येते. अमेरिकी कोशकार नोआ वेब्स्टर याने १७८३ च्या आपल्या शालेय स्पेलिंग-पुस्तकात याच आधारावर ‘हॅब-इट’ आणि ‘क्लस-टर’ अशी फोड स्वीकारली आणि ‘हॅ-बिट’, ‘क्ल-स्टर’ ही जुन्या पुस्तकांतली फोड नाकारली. ओळीच्या शेवटी शब्द तोडताना अमेरिकी छपाई उच्चाराकडे आणि ब्रिटिश छपाई व्युत्पत्तीकडे अधिक झुकते, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अक्षर आणि घटक यांच्या सीमा कशा वेगळ्या पडतात, याचे उत्तम उदाहरण ‘हेलिकॉप्टर’ हे आहे. फ्रेंच संशोधक पाँतों दामेकूर याने १८६१ साली घडवलेल्या या शब्दात ‘हेलिको’ म्हणजे सर्पिल आणि ‘प्टर’ म्हणजे पंख असे दोन ग्रीक घटक आहेत. परंतु इंग्रजी जिभेला ‘प्ट’ने अक्षर सुरू करता येत नसल्यामुळे उच्चारात तो ‘हे-लि-कॉप्-टर’ असा तुटतो, आणि त्याच चुकीच्या जागेवरून पुढे ‘हेलिपॅड’मधला ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ हे नवे तुकडे भाषेत रूढ झाले.

एका शब्दाची पूर्ण फोड

नेत्ररुग्णालयाच्या पाटीवरील ‘ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट’ हा पंधरा वर्णांचा शब्द घेऊन वरील तिन्ही पायऱ्या एकत्र पाहता येतील. घटक : ‘ऑफ्थॅल्मो’ म्हणजे ग्रीक भाषेतील डोळा, ‘लॉग’ म्हणजे विचार किंवा शास्त्र, ‘इस्ट’ म्हणजे ते करणारी व्यक्ती, ‘कार्डिऑलॉजिस्ट’ आणि ‘बायॉलॉजिस्ट’ यांचे शेवट याच घडणीचे आहेत. आघात : ‘लॉजी’ या शेवटामुळे तो त्याच्या आधीच्या अक्षरावर, म्हणजे ‘मॉ’वर येतो, आणि पुढे ‘इस्ट’ लागला तरी हलत नाही. अक्षरे : ‘ऑफ्-थॅल्-मॉ-ल-जिस्ट’ अशी पाच, मुख्य आघात ‘मॉ’वर असल्यामुळे पुढचा ‘लॉ’ आखडून ‘ल’ झाला आहे. या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये पी नंतरचा एच नेहमी गळतो; पहिल्या अक्षराच्या शेवटी ‘फ’साठी पी-एच आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला ‘थ’साठी टी-एच आहे, असे वेगळे पाहिले की ती चूक होत नाही.

शेवटची पडताळणी कोशात करावी. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी वापरणाऱ्या कोशांत मुख्य आघाताची उभी रेघ त्या अक्षराच्या आधी वर आणि दुय्यम आघाताची रेघ आधी खाली काढतात. काही अमेरिकी कोशांत मात्र ही खूण अक्षराच्या नंतर असते, म्हणून कोशाच्या प्रारंभीच्या सूचना वाचल्याशिवाय खुणांचा अर्थ लावू नये. तसेच शब्दातील ठिपके बहुधा ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा हे दाखवतात. त्यांनाच उच्चारातील अक्षरांच्या सीमा समजणे चूक आहे.

विद्यार्थ्यांनी प्रत्येक नव्या लांब शब्दासाठी वहीत तीन ओळी राखून ठेवाव्यात : पहिलीत घटक आणि त्यांचे अर्थ, दुसरीत आघाताची जागा आणि ती ठरवणारा प्रत्यय, तिसरीत देवनागरीतील अक्षरांची फोड. शिक्षकांनीही स्पेलिंग विचारताना सुट्या वर्णांऐवजी या तीन ओळी विचाराव्यात. एका शब्दावर असे पाच मिनिटे काम केले तर त्याच मुळाचे आणि त्याच प्रत्ययाचे कितीतरी शब्द न घोकता वाचता येतात, आणि इंग्रजीची धास्ती घेतलेल्या मुलांना सर्वांत आधी याच अनुभवाची गरज आहे.